पाय बघ, भुवई बघ, मग नाव सांग

प्रिय मनू,



तुझा फोटो काल रात्री मिळाला. बर्फ वितळून उघडं पडलेलं पाणी, काठाला गेल्या सालचं पिवळं गवत आणि गवताच्या कडेला तीन तपकिरी पक्षी. खाली एकच ओळ, "मामा, हे कोण?"

एवढंच? ते चालत होते की एका जागी उभे होते, पाण्यात उतरले होते की चिखलावरच होते, उडाले तेव्हा मागून काय दिसलं, उडताना ओरडले का, यातलं एक अक्षर नाही. बंधाऱ्यावर माझ्या शेजारी बसून वहीची पानंच्या पानं भरणारी मुलगी तू! फिनलंडमधल्या ओउलूला गेल्यावर चांगला कॅमेरा घेतलास, त्याचं कौतुक आहेच. पण बघण्याचं काम त्याच्यावर सोपवून मोकळी झालीस की काय, अशी शंका मनात आली. म्हणून फोनवर नाव न कळवता पत्र लिहायला बसलोय.

आपला नियम आठवतो ना? नाव शेवटी. आधी पाय, मग भुवई, मग चोच, मग उडाल्यावर काय दिसतं ते. एवढं झालं की नाव बहुतेक वेळा आपसूक येतं, आणि नाही आलं तरी पक्षी बघून झालेला असतो. हा नियम मला वारणेच्या काठानं घालून दिला. हिवाळ्यात इथं उतरणारे पाहुणे बहुतेक सगळे मातकट. गावात कुणाला विचारावं तर बदक म्हणजे बदक, आणि बाकीची सगळी पाणपाखरं. मग बघत बसण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता, आणि त्या बसण्यातच सगळं शिकणं झालं.

तुझ्या तिथल्या मैत्रिणींना कधी आपला बंधारा समजावून सांगितलास का? कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून ज्याचं नाव राज्यभर झालं, तो. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांमध्ये बरगे घालायचे, पाणी अडवायचं, उन्हाळाभर उसाला पुरवायचं आणि पुन्हा पाऊस यायच्या आत बरगे काढून नदी मोकळी करायची. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला डोह तुडुंब, खालच्या अंगाला खडक, वाळू आणि चिखल उघडा. चांदोली धरणातून आवर्तन सुटलं की पाणी चढतं, ओसरलं की मागं ओला चिखल ठेवून जातं. त्या चिखलात किडे, अळ्या, शिंपले. कारखान्याचा गळीत हंगाम संपत येतो, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरून कमी होत जातात आणि नेमकं तेव्हाच या चिखलावर गर्दी वाढते. परतीच्या वाटेवरचे पक्षी उतरतात, पोट भरतात आणि एखाद्या रात्री निघून जातात.

तुझ्या नशिबात मात्र ती गर्दी कधी आली नाही. वार्षिक परीक्षा एप्रिलच्या मध्याला संपायची, आणि तू दप्तर टाकून मामाच्या गावाला येईपर्यंत जोतिबाची चैत्र यात्रा तोंडावर आलेली असायची, नाहीतर होऊन गेलेली असायची. सासनकाठ्या, गुलाल, डोंगराच्या वाटेला लागलेली माणसं, "चांगभलं"चा गजर, हे सगळं तू पोटभर बघितलंस. पण बदकं? तोवर बहुतेक गेलेली. "माझ्या येण्याआधीच का जातात?" म्हणून तू रुसून बसायचीस. त्यांच्या निघण्याची वेळ दिवसाच्या लांबीवर आणि त्यांच्या अंगातल्या घड्याळावर ठरते, हे तुला तेव्हा सांगूनही पटलं नसतं. आणि तुझ्या रुसण्यात मला बरंच वाटायचं. पक्षी दिसला नाही म्हणून रुसणारं दुसरं कोण होतं आपल्या घरात?

उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला एक गोष्ट मात्र हमखास यायची, ती म्हणजे तुताऱ्या. मे उजाडेपर्यंत त्यातल्या काही रेंगाळत असतात. आपण तिघींवर किती सकाळी खर्च केल्या, आठवतं? सामान्य तुतारी, हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी. तिन्ही लहान, तिन्ही वरून तपकिरी, खालून पांढऱ्या, तिन्ही पाण्याच्या कडेनं चालणाऱ्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला एकच पक्षी तीनदा दिसल्यासारखं वाटतं.

सामान्य तुतारी तू सगळ्यात आधी शिकलीस. बंधाऱ्याच्या दगडांवर एकटी, आणि शेपटीकडचं अंग सतत वरखाली. मी तुला सांगितलं होतं, छाती आणि पंख यांच्यामध्ये बघ, पोटाचा पांढरा रंग खांद्याकडं वर घुसलेला दिसेल. तो दिसला की दुसरं काही तपासायला नको. उडते तीही पाण्याला लगटून, पंख ताठ ठेवून थरथरल्यासारखे हलवत, आणि पंखावर पांढरी पट्टी चमकते. उडताना तिच्या पाठीच्या शेवटी पांढरं काही दिसत नाही.

हिरवी तुतारी म्हटलं की हिरवं काही शोधायचं नाही, हे तू लगेच स्वीकारलंस. तिची पाठ इतकी गडद की लांबून काळीच वाटते. पांढरी भुवई आहे, पण ती डोळ्यापाशी येऊन थांबते. तिला एकांत प्रिय. पाटाच्या वळणावर, ओढ्याच्या एखाद्या डबक्यात ती एकटीच असते, आपण जवळ गेल्यावर दचकून सरळ वर उडते आणि मग शेपटीच्या मुळाशी पांढराशुभ्र डाग झगझगतो. पंख वरून काळे, खालूनही काळे.

ठिपकेवालीची गोष्ट वेगळी. पाणी सोडलेल्या शेतात ती चार-पाचांच्या घोळक्यानं उतरते. पाठीवर फिकट ठिपक्यांची नक्षी, पाय लांब आणि पिवळसर, आणि भुवई डोळ्याच्या मागंपर्यंत स्पष्ट गेलेली. उडाली तर तिच्याही शेपटीच्या मुळाशी पांढरं असतं, म्हणून तेवढ्यावर विसंबायचं नाही. तेव्हा पंखाची खालची बाजू बघायची. हिरवीची काळी, हिची फिकट. शिवाय उडताना हिचे पाय शेपटीच्या बाहेर डोकावतात.

आता तुझा फोटो परत उघड. मधल्या पक्ष्याची भुवई कुठवर गेलीय? पाय कसल्या रंगाचे आहेत? पाठीवर ठिपके मोठे आहेत की बारीक? तिघं एकत्र उभे आहेत, ही गोष्ट काय सांगते? बघितलंस ना? मी नाव घेतलेलं नाही, तूच घेतलंस.

हिरव्या तुतारीबद्दल एक काम मात्र तुला सांगून ठेवतो, कारण ते कोडोलीत बसून मला या जन्मी जमणार नाही. हा चिखलात चालणारा पक्षी अंडी घालतो झाडावर! तेही कस्तुरसारख्या पक्ष्यांनी सोडून दिलेल्या जुन्या घरट्यात. तुझ्या ओउलूच्या आसपासच्या ओलसर जंगलांत तो वीण करतो. एखाद्या सूचिपर्णी झाडाच्या शेंड्यावर उभी राहून ओरडणारी तुतारी दिसली तर फोटो नाही काढलास तरी चालेल. किती वेळ उभी होती, कुठून आली, कुठं गेली, ते लिहून पाठव. मी तिला वर्षानुवर्षं पाटाच्या कडेला चिखलात बघत आलोय. झाडाच्या शेंड्यावर ती कशी दिसते, हे तुझ्या अक्षरात वाचायचंय.

तू कधी न बघितलेल्या फाल्गुनाबद्दल आता सांगतो.

भुवई बदक आणि चक्रांग, ही दोन्ही लहान बदकं. हिवाळ्याच्या सुरुवातीला पाण्यावर बसलेली असतात तेव्हा त्यांच्या माद्या वेगळ्या काढणं फार कठीण. त्यात भर म्हणजे भुवई बदकाचा नर हिवाळ्याचे कितीतरी महिने मादीच्याच वेषात असतो. चक्रांगाचा नर त्या मानानं लवकर सजतो, तांबूस डोक्यावर हिरवा पट्टा मिरवतो. भुवई बदक मात्र सावकाश. माघ संपत येतो, फाल्गुन लागतो, आणि मग एका सकाळी दुर्बिणीतून बघावं तर तपकिरी थव्यात पांढऱ्याशुभ्र, रुंद, डोळ्यावरून मानेपर्यंत उतरलेल्या भुवया! काल सारखी दिसणारी बदकं आज नर आणि माद्या म्हणून वेगळी झालेली असतात. नरावरून मग जोडीची मादीही कळते. तिच्या चेहऱ्यावर गडद आणि फिकट रेघा ठसठशीत असतात, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो. चक्रांगाच्या मादीचा चेहरा साधा, पण शेपटीच्या बाजूला फिकट रेघ असते.

आणि ही सगळी ओळख पटते न पटते तोच ती निघून जातात.

मनू, मला या गोष्टीचं फार वाटतं. हिवाळाभर ही पाखरं आपल्याजवळ राहतात, आपलं खातात, आपल्या पाण्यावर झोपतात, आणि आपण त्यांना धड ओळखत नाही. त्यांचा खरा रंग दिसतो तो निघायच्या तोंडावर. तो रंग आपल्यासाठी नसतोच. तो उत्तरेकडच्या त्यांच्या घरासाठी, जोडीदारासाठी असतो. आपल्या वाट्याला येतात ते मधले थोडेसे दिवस. म्हणून वसंतातला हा काळ मला वर्षातला सगळ्यात मोलाचा वाटतो. आणि म्हणूनच, तुला बोलावतो तेव्हा दिवाळीला ये असं म्हणत नाही, फाल्गुनात ये म्हणतो. तू मात्र येतेस दिवाळीला, नाहीतर डिसेंबरात, तिकडं सुट्टी असते म्हणून. मग आपण दोघं मातकट पाखरांकडं बघत बसतो आणि तू म्हणतेस, "मामा, सगळी सारखीच की रे!"

सारखी नसतात. छोट्या टिलव्याचंच बघ. मुठीत मावेल एवढा जीव, वजन जेमतेम २० ते ३० ग्रॅम. डिसेंबरात राखाडी. त्याच्याच शेजारी टेमिंकचा टिलवा, तोही राखाडी, तोही तेवढाच. तेव्हा फक्त पाय उपयोगी पडतात. छोट्याचे काळे, टेमिंकचे पिवळसर. पण पायाला चिखल लागला असेल तर तेही गेलं. मग चैत्र येतो आणि छोट्याच्या पाठीवर, गालांवर तांबूस रंग चढू लागतो. टेमिंकचा मात्र साधेपणा सोडत नाही, पाठीवर थोडेसे गडद डाग, बस्स. आता दोघं दहा पावलांवरूनही वेगळे कळतात. दोघांनाही थेट टुंड्रापर्यंत जायचंय. त्यासाठी निघण्याआधी ते अंगावर एवढी चरबी चढवतात की असल्या लांब पल्ल्याच्या काही चिखलपक्ष्यांचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. बंधाऱ्याखालच्या चिखलात ते सकाळपासून मान वर न करता चोच मारत असतात, ते उगीच नाही. म्हणूनच त्या दिवसांत त्यांना उडवायचं नाही, कुत्री मागं सोडायची नाहीत, फोटोसाठी जवळ जायचं नाही. दर वेळी उडण्यात प्रवासाचा शिधा खर्च होतो. टेमिंकचा टिलवा तुझ्या बोथनियाच्या आखाताच्या किनाऱ्यावरही वीण करतो. दिसला तर लांबूनच बघ.

कंठेरी चिखल्या तुला आठवत असणारच. गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं, चालतो आणि थबकतो, पुन्हा चालतो. मोठ्या तलावांवर त्याच्या जोडीला केंटिश चिखल्याही येतो. त्याचा गळपट्टा पुढून तुटलेला, पाय गडद आणि डोळ्याला पिवळं कडं नाही, उडाला की पंखावर पांढरी पट्टी दिसते. हे वेगळे काढणं सोपं. पण कंठेरीतच दोन प्रकारची मंडळी असतात. एक इथलीच, जी उन्हाळ्यात नदीच्या वाळू-गोट्यांत अंडी घालते. दुसरी उत्तरेतून आलेली, जी वसंतात परत जाते. दोघांची जात एक, रूप जवळजवळ एक. हिवाळ्यात एकाच चिखलावर दोघं फिरत असतील तर घरचा कोण आणि पाहुणा कोण, लांबून सांगता येत नाही. सांगतं ते त्यांचं वागणं. एका एप्रिलमध्ये तुझ्यासमोर एक चिखल्या पंख मोडल्यासारखा लोळत, फरफटत पुढं पुढं गेला होता. तू कळवळलीस आणि त्याला उचलायला निघालीस. मी तुझा हात धरला आणि दोघं आल्या पावली मागं फिरलो. त्याचा पंख मोडलेला नव्हता. जवळच गोट्यांमध्ये गोट्यांच्याच रंगाची अंडी होती आणि तो आपल्याला त्यांच्यापासून लांब नेत होता. तो घरचा. पाहुणे तोवर कधीच गेलेले होते.

त्या संध्याकाळी तू आजीला ती हकिकत तीनदा सांगितलीस. आजी म्हणाली, "पोरासाठी सोंगं करावी लागतात गं बाई." तुझी आई, माझी अक्का, तिथंच भाजी निवडत बसली होती. ती काही बोलली नाही. तुझ्याकडं बघत राहिली.

आता तुझ्या दुसऱ्या निरोपाकडं वळतो. मागच्या आठवड्यात तू लिहिलंस, "मामा, आपल्या वारणेची ठिपकेवाली तुतारी इथं पोचली!" वाचून आनंद झाला. पण तुला खरं सांगणं माझं काम आहे. ती आपली असेलच असं नाही, बहुधा नाहीच. फिनलंडच्या पाणथळीत वीण करणाऱ्या ठिपकेवाल्या तुताऱ्या हिवाळ्यात मुख्यतः आफ्रिकेत जातात. आपल्याकडं येणाऱ्या पाणपक्ष्यांचा मार्ग वेगळा. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत ३० देशांवरून जाणारा तो मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून ओळखला जातो. हे कळलं ते माणसांनी पक्ष्यांच्या पायांत कडी घालून, वर्षानुवर्षं वाट बघून. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सलीम अलींच्या पुढाकारानं १९५९ साली पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू केला. कड्यांवर सोसायटीला कळवा असा मजकूर असायचा. इथं कडी घातलेले पक्षी पुढं सायबेरियात सापडले आणि नकाशावर रेघ उमटली. एक कडं परत मिळावं म्हणून हजारो पाय हातात धरावे लागतात. तेव्हा कुठं 'हा तोच' असं म्हणता येतं.

तुझ्या तुतारीला आपली म्हणू नकोस, असं माझं म्हणणं नाही. जात एक आहे, भुवई एक आहे, आवाज एक आहे. तिकडच्या थंडीत तो आवाज ऐकून तुला कोडोलीचं शेत आठवलं असेल, तर ते आठवणं खरंच आहे. फक्त सारखं दिसणारं आणि तेच असणारं, यांत अंतर असतं, हे विसरू नकोस.

हे तुला मी सांगायला हवं का? तू गावात आलीस की बायका म्हणतात, "अगदी अक्काच बघा!" तू हसून मान हलवतेस आणि नंतर परड्यात एकटीच जाऊन उभी राहतेस. मी ते बघितलंय. तुझं कपाळ अक्काचं, चालणंही अक्काचं, वहीवर मान वाकडी करून लिहायची ढबसुद्धा तिचीच. पण तू ती नाहीस आणि तू ती व्हावंस असं या घरात कुणाला वाटत नाही. अक्का गेल्यापासून तू वसंतात येत नाहीस, हेही मला कळतं. त्याबद्दल मी विचारलं नाही, आताही विचारत नाही. एवढंच सांगतो, सबंध गाव तुझ्यात तिला शोधत असलं तरी बंधाऱ्यावर एक माणूस आहे, तो तुला तू म्हणूनच बघतो.

तुझे उपकारही आहेत माझ्यावर. ते आजवर बोललो नाही. मी डोळ्यांचा माणूस. रंग, रेघा, ठिपके यांवर माझं सगळं चालायचं. कानाचा उपयोग तुझ्यामुळं शिकलो. धुक्यातली ती सकाळ आठव. दुर्बिणीतून मला काही दिसत नव्हतं आणि तू म्हणालीस, "ठिपकेवाली आली." तुला ती ऐकू आली होती, चिफ्-इफ्-इफ्, घाईघाईनं म्हटल्यासारखी. मग तूच मला आवाज लावून दाखवलेस. हिरवीचा मोकळा, चढत जाणारा, ट्लुई-वीट-वीट. सामान्य तुतारीचा बारीक, उतरत जाणारा. सारख्या दिसणाऱ्या पाखरांची बोली किती वेगळी असते, हे मला एका शाळकरी पोरीनं शिकवलं. आता वयामुळं ते बारीक सूर माझ्या कानांपर्यंत पुरते येत नाहीत. बंधाऱ्यावर बसतो तेव्हा तुझ्या कानांची फार गरज भासते.

एक सावधगिरीचं सांगून ठेवतो, कारण तू आता एकटीनं शिकणार आहेस. खूण म्हणून जे धरतो तेही ऋतूप्रमाणं बदलतं. आपले बगळे घे. मोठ्या बगळ्याची चोच पिवळी, असं मी तुला पहिल्या वर्षी सांगितलं होतं, आणि ते हिवाळ्यापुरतं बरोबर आहे. वीण जवळ आली की तीच चोच काळी होते. मध्यम बगळ्याचीही तीच तऱ्हा. मग काळी चोच बघून कुणी त्याला छोटा बगळा म्हणेल. तेव्हा जिवणीची रेघ बघायची. मोठ्याची रेघ डोळ्याच्या मागंपर्यंत जाते, मध्यमची डोळ्याखाली संपते. छोट्याची चोच बारमाही काळी, आणि पायांचे पंजे पिवळे. गाय बगळा तर हिवाळ्यात पांढराशुभ्र असतो आणि पाडव्यानंतर डोक्यामानेवर केशरी होऊ लागतो. एका खुणेवर कधी भरवसा ठेवू नकोस. दोन-तीन खुणा जुळल्या की मग बोल.

आणि नाही जुळल्या तर? तर तसं लिही. मोबाइलमधलं ॲप क्षणात नाव सुचवतं, ते वापर, मीही वापरतो. पण त्यानं सुचवलं म्हणून लिहू नकोस. ई-बर्डवर दोन जातींपैकी एक, किंवा नुसता गट, असं नोंदवायची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. ज्यांनी ती ठेवली त्यांना ठाऊक होतं की प्रामाणिक माणसाला अनेकदा एवढंच सांगता येतं. 'तुतारी, हिरवी किंवा ठिपकेवाली' ही नोंद खरी आहे. चुकीचं नाव लिहिलं तर ते पुढच्या अभ्यासकाच्या नकाशात जाऊन बसतं, आणि तिथून ते काढणं फार अवघड असतं.

नोंदींची गरज आहे, मनू. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून होते, पण ती जानेवारीत. आपल्या राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो ५ ते १२ नोव्हेंबरला, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून. दोन्ही फार चांगल्या गोष्टी. पण फाल्गुन-चैत्रात, पाखरं रंग चढवून निघत असताना, आपल्या गावाजवळच्या बंधाऱ्यांवर, पाझर तलावांवर, पाणी सोडलेल्या उसाच्या रानात बघणारं कोण असतं? रंकाळ्यावर, कळंब्यावर निदान फिरायला येणारी माणसं असतात. वारणेच्या चिखलाकडं कोण बघतं? भुवई बदक यंदा शेवटचं कधी दिसलं, हिरवी तुतारी कधी गेली, हे लिहिलेलं असेल तरच पन्नास वर्षांनी कुणाला कळेल की त्यांचं वेळापत्रक बदललं, की पाणी बदललं, की येणंच थांबलं. ही पानं आपल्यासारख्यांनीच भरायची आहेत. त्यासाठी मोठी विद्या लागत नाही. वही लागते आणि खरं लिहायची सवय लागते. ती सवय तुला आहे. ती सोडू नकोस.

तेव्हा आता असं कर. ओउलूजवळच्या लिमिंकाच्या खाडीवर पुन्हा जा. कॅमेरा पिशवीत ठेव आणि निदान तासभर नुसती बस. जे दिसेल ते आपल्या पद्धतीनं लिही, पाय, भुवई, चोच, उडणं, आवाज, आणि सगळ्यात शेवटी नाव. जिथं खात्री नसेल तिथं 'नक्की नाही' असं स्वच्छ अक्षरात लिही. मग त्या पानाचा फोटो मला पाठव. पाखरांचा नको.

आणि पुढच्या वर्षी रजा काढायची झाली तर डिसेंबरात काढू नकोस. आता तुला परीक्षा नाहीत. फाल्गुनात ये, चैत्राची यात्रा होईपर्यंत राहा. दुर्बीण आणू नकोस, इथं आहे. वही मात्र तुझी तू आण.

तुझा,
मामा
कोडोली